हमी संपली तेव्हा केडगावात…

समजा, तुमच्या प्रोजेक्टला कुणीतरी दहा वर्षांचं फंडिंग दिलंय. लेखी हमी. आणि दहावं वर्ष उजाडायच्या बेतात असताना तुम्ही आणखी तीनशे माणसं घरी आणून ठेवलीत, ज्यांच्या खर्चाची हमी कुणीच दिलेली नाही. वर शहरात प्लेगची साथ. सरकार म्हणतंय, एवढी गर्दी इथे चालणार नाही, हलवा.

मॅनेजमेंटच्या कुठल्याही सरांना विचारा, ते कपाळावर हात मारतील.

१८९७ मध्ये पंडिता रमाबाई नेमक्या याच जागी उभ्या होत्या. वय ३९. कानांनी कमी ऐकू येत होतं. ज्या पुण्याने त्यांना एकेकाळी डोक्यावर घेतलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी दार लावून घेतलं होतं. हातात होती फक्त पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर, केडगाव नावाच्या छोट्या स्टेशनाजवळची साधारण शंभर एकर जमीन. तिथे घरंसुद्धा नव्हती.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई आपल्याला दोन-चार ओळींत भेटतात. संस्कृत पंडिता, शारदासदन, धर्मांतर, समाजसुधारक. पुढचा धडा. त्या दोन-चार ओळींत एक गोष्ट पार सुटून जाते. ती म्हणजे वाट पाहणं. रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं त्या कशाची ना कशाची वाट बघत होत्या. धान्याची, पैशांची, पावसाची, आपल्या मुलींच्या मनात काही बदलेल याची, एका पुस्तकाची. ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती आणि देव दिलेला शब्द पाळतो असं त्या धरून चालत होत्या. तुम्ही मानता की नाही हा वेगळा मुद्दा. पण ते धरून चालणारी बाई रोज सकाळी उठून करत काय होती, हे बघण्यासारखं आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, कर्मठ आणि तरीही जगावेगळे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी त्रास दिला, तर हा माणूस जंगलात जाऊन राहिला. पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत हिंडू लागलं. मुलगी आईकडून संस्कृत शिकली. हजारो श्लोक तोंडपाठ.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार, आणि दक्षिणा कोण देणार? मजुरी करायची सवय नाही आणि भीक मागायची लाज. देवाला प्रसन्न करायला जवळचं होतं नव्हतं ते दान करून झालेलं. पाणी पिऊन, रानातली पानं खाऊन दिवस काढले. काही महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत निघाली. हजारो मैल, पार काश्मीरपर्यंत. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. दुष्काळाचा भाग मात्र लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पुढची चार वर्षं भयंकर वेगात गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जात मोडून आणि नोंदणी पद्धतीने. आसामातलं सिल्चर. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला नवरा पटकीने गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची पोर. सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. तेव्हा त्यांनी ती वाचली, आवडली, बस्स. लगेच वीज-बीज काही चमकली नाही.

पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेबद्दल साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून जमलेल्या पैशांवर १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. जायचं होतं वैद्यकीय शिकायला. ते कमी ऐकू येण्यामुळे राहिलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उडाला.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केलं त्या इंग्रज धर्मभगिनींनाही रमाबाई काही सोप्या गेल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा त्यांचा सवाल. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर पत्रांमागून पत्रं, वाद, उलटतपासणी. पटल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा वडिलांचा वारसा. म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांतली ही बाई नव्हे. विश्वास ठेवायला तिला वेळ लागायचा. एकदा ठेवला की मग मात्र ती त्यावर घर बांधायची.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तिथे जवळपास अडीच वर्षं भाषणं दिली, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. बालविधवांसाठी शाळा काढा, दहा वर्षं पैसे आम्ही देऊ. हीच ती हमी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढे आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांची पत्नी. पुढच्या वर्षी, १८९० मध्ये, सदन पुण्याला आलं.

सदनाचा नियम ठरलेला होता. धर्म शिकवायचा नाही. प्रत्येक मुलीने आपापले रीतिरिवाज पाळावेत. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. पण रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. मुली आत येऊन बसायला लागल्या. काही जणींचा ओढा ख्रिस्ताकडे वळला. १८९३ मध्ये याचा भडका उडाला. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं.

चूक कुणाची? माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायचा रमाबाईंना पूर्ण हक्क होता. मात्र ज्या बाईवर मुली जीव टाकतात तिचं उघडं दार हे नुसतं दार राहत नाही, हेही पालकांना दिसत होतं. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना आपण फसलो असं वाटलं, आणि ते वाटणं निव्वळ कर्मठपणा म्हणून झटकून टाकता येत नाही. गंमत म्हणजे याच काळात रमाबाईंचा स्वतःचाही आतून बदल झाला होता. बाप्तिस्मा १८८३ चा, पण आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने उमगला तो १८९१ च्या सुमारास, असं त्या पुढे सांगत. तोवर आपल्याला धर्म मिळाला होता, तारणारा मिळाला नव्हता, असा त्यांचा सूर असे. आठ वर्षं! धर्म बदलून आठ वर्षं झाल्यावर हे जाहीरपणे कबूल करायला जिगर लागते.

या सगळ्यात त्या तीन चरित्रं वाचत होत्या. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन. म्युलर आणि टेलर यांची पद्धत अशी, की पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही. देवाला सांगायचं आणि काम करत राहायचं. रमाबाईंना प्रश्न पडला, हे आपल्या देशात, आपल्यासारखीला जमेल का?

पण बघा, प्रश्न पडल्यावर त्यांनी काय केलं. हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. हिशेब सरळ होता. अमेरिकेची दहा वर्षं संपेपर्यंत झाडं धरतील आणि फळांच्या उत्पन्नावर सदन चालेल. आजच्या भाषेत बॅकअप प्लॅन. देवावर भरवसा आणि बागेला पाणी, दोन्ही एकाच वेळी. त्यांना यात काही विसंगती वाटली नाही.

१८९६ च्या उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं एक शिबिर भरलं होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. या पंधरा जणींनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. म्हणजे इतक्या वर्षांच्या कामाची, इतक्या शिव्याशापांची, त्यांच्या दृष्टीने ही एवढीच आध्यात्मिक लेकरं. एके दिवशी पहाटे त्या रानात एकट्या जाऊन बसल्या आणि त्यांनी देवाकडे एक मागणं केलं. मागणं अगदी गणिती होतं. पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. आणि तेही पुढच्या शिबिराच्या आत.

नंतर त्यांनाच ते अशक्य वाटलं. सदनात पन्नासेक मुली मावायची मारामार, पैसे मोजके, त्यात समाज नाराज. नव्या मुली येणार कुठून? तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बत्तिसाव्या अध्यायातल्या एका वचनाने आपल्याला धीर दिला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. देवाला काही अवघड आहे का, अशा अर्थाचं ते वचन. जाता जाता सांगते, त्याच अध्यायाची गोष्ट अशी आहे की शहराला शत्रूचा वेढा पडलाय, सगळं बुडणार हे दिसतंय, आणि यिर्मया शांतपणे पैसे मोजून एक शेत विकत घेतोय. केडगावची जमीन नुकतीच घेतलेल्या बाईला हा अध्याय भेटावा, हे भारीच.

वर्ष सरत आलं आणि मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. दुष्काळ.

बातम्या वाचून रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. आईचं शेवटचं आजारपण, पानं खाऊन काढलेले दिवस. त्या स्वतः उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदत छावण्यांत त्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलंय आणि ते वाचवत नाही. हाडांचे सापळे झालेली पोरं. तरुण मुली आणि विधवा यांच्याभोवती घिरट्या घालणारे दलाल, पोटभर जेवणाच्या बदल्यात त्यांना उचलून नेणारे. रमाबाईंनी मुलींना आणायला सुरुवात केली. पैसे जमवून मग आणल्या असं नाही. आधी आणल्या. काही महिन्यांत आकडा तीनशेच्या आसपास गेला.

म्हणजे मागितलं ते मिळालं? हो, आणि नाही. त्यांनी मागितल्या होत्या श्रद्धावान लेकी. आल्या त्या उपाशी, घाबरलेल्या, आजारी मुली. ताटातलं हिसकावून घेणाऱ्या, चोरून साठवणाऱ्या, उवांनी आणि खरजेने भरलेल्या. कित्येक जणी पोचल्यावरही वाचल्या नाहीत. देवाने मागणं ऐकलं असं मानायचं असेल, तर त्याने ते असं पार्सल पाठवून ऐकलं, आणि उघडून निस्तरायचं काम रमाबाईंवर टाकलं.

आणि इथेच आपली सुरुवातीची गोष्ट येते. पुण्यात प्लेग. सदनात एवढ्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. रमाबाईंनी मुलींना केडगावला हलवलं. बाग व्हायच्या जागेवर तंबू आणि गवताची छपरं उभी राहिली. विहिरी खोदायच्या, स्वयंपाक उघड्यावर, आणि रात्री ऊबेला एकमेकींना चिकटून झोपायचं. याच दिवसांत पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात आणि छावणीत बायकांना कसं वागवलं जातं याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या बाजूच्या झाल्या असं ज्यांना वाटत होतं, त्यांना या पत्राने गोंधळात टाकलं असणार.

फळबागेचं काय झालं? ज्या उत्पन्नाच्या भरवशावर ती लावली होती ते वेळेत आलंच नाही. पण जमीन कामी आली. झाडांसाठी घेतलेली जागा माणसांसाठी लागली. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या आणि दहा वर्षांचा हिशेब दिला. जुनी असोसिएशन संपली, नवी निघाली, मदत येत राहिली. पण दुष्काळातल्या मुलींसाठी बांधील असं कुणीच नव्हतं. इथून पुढे त्यांनी म्युलरचा मार्ग पक्का धरला. केडगावच्या या वसाहतीचं नाव ठेवलं मुक्ती.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि मुक्तीत दीड हजाराच्या वर बायका-मुली झाल्या. आपल्या कॉलेजच्या हॉस्टेलमधली मेस आठवा. दोनशे जणींची मेस एक दिवस बंद पडली तरी आंदोलन होतं. इथे दीड हजार जणींना रोज दोन वेळा खायला घालायचं, आणि पुढच्या महिन्याची पक्की तरतूद नाही.

मग त्या करत काय होत्या? प्रार्थना, हो. रोज, पहाटे उठून. आणि नंतर दिवसभर काम. मुक्तीत माग बसवले, तेलाचा घाणा आला, गोठा उभा राहिला, शेती सुरू झाली. शिवणकाम, दवाखाना, शाळा. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन नावाचं वेगळं घर. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून शिकवायला सुरुवात केली. आणि छापखाना, ज्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायकाच करायच्या. प्रत्येकीच्या हाताला काही ना काही येत असलं पाहिजे, हा रमाबाईंचा हट्ट. तिथे आलेली मुलगी आयुष्यभर ताट पुढे करून बसणार नाही, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं.

आता अवघड प्रश्न. उपाशी मुलींना आणायचं, खायला घालायचं आणि मग त्या ख्रिस्ती व्हायच्या. यात निवड किती आणि आसरा किती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा. केडगावला आल्यावर रमाबाईंनी धर्माबाबत तटस्थ असल्याचा आव आणला नाही, मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्या पदरात टाकावा लागतो. भुकेने मरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला स्वतंत्रपणे धर्म निवडता येतो का, याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. त्या मुलींना आणायला तेव्हा रांग लागली नव्हती, हेसुद्धा तितकंच खरं.

आणि खुद्द रमाबाईंनाही नुसत्या आकड्याचं समाधान नव्हतं. हे पुढच्या घटनेवरून कळतं.

मुली ख्रिस्ती झाल्या होत्या, पण मनाने बदलल्या का? भांडणं होती, चोऱ्या होत्या, खोटं बोलणं होतं. दुसरी एखादी संचालिका वार्षिक अहवालात संख्या टाकून मोकळी झाली असती. रमाबाईंना ऑस्ट्रेलियात आणि वेल्समध्ये धार्मिक जागृतीची लाट आल्याचं कळलं. ऑस्ट्रेलियात काय घडलं ते बघायला त्यांनी मनोरमा आणि अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवलंही होतं. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुक्तीत सांगितलं, की आपल्याकडेही असं काही घडावं म्हणून रोज जमून प्रार्थना करू, कोण येतंय? सत्तर जणी पुढे आल्या. हाताला काम आणि डोक्यावर शाळा असताना रोज जमणं म्हणजे खायचं काम नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. काहीच घडलं नाही. पण गट तुटला नाही, उलट वाढत गेला. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या.

जूनच्या अखेरीस एका पहाटे मुलींच्या वसतिगृहात सुरुवात झाली. रडणं, मोठमोठ्याने प्रार्थना, चुकांची कबुली, मग गाणी आणि आनंद. जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिताना आज अभ्यासक केडगावचं नाव घेतात. कित्येक मिशनऱ्यांना तेव्हा हा सगळा गोंगाट मुळीच पसंत पडला नाही. शिस्तशीर चर्चमध्ये वाढलेली माणसं ती. रमाबाई स्वतः शांत स्वभावाच्या, अभ्यासू, पण त्यांनी ते दाबलं नाही. आपल्या मुलींनी परदेशी पद्धतीनेच देवाशी बोलायला हवं असं थोडंच आहे, असा त्यांचा विचार. पाश्चात्त्य साच्यात बसायला त्यांनी वाँटेजलाही नकार दिला होता, तोच नकार इथे मुलींच्या वतीने. आणि ज्या मुलींना आठ वर्षांपूर्वी छावण्यांतून उचलून आणलं होतं त्यांतल्याच काही जणी गट करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

इथे गोष्ट संपवली असती तर छान गोड झाली असती. पण अजून सतरा वर्षं बाकी आहेत, आणि मला ती सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटतात.

मराठीत बायबल तेव्हा होतंच. रमाबाईंची तक्रार अशी, की त्याची मराठी माझ्या मुलींना कळत नाही. संस्कृतप्रचुर, पंडिती. ही तक्रार कोण करतंय बघा, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटलं ती बाई! मुक्तीतल्या मुली खेड्यापाड्यांतल्या, उशिरा अक्षर शिकलेल्या. त्यांना स्वतः वाचून समजेल असं बायबल हवं. इंग्रजीवरून भाषांतर करणं त्यांना सोपं गेलं असतं. पण मूळ भाषेतून करायचं ठरवून त्या चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. दीड हजार जणींचा संसार सांभाळत. काम एकूण अठराएक वर्षं चाललं. १९१३ च्या सुमारास नवा करार छापून झाला. जुना करार त्याच्या कितीतरी पट मोठा. तो चालूच.

त्या भाषांतराला साहित्य म्हणून फार मान मिळाला नाही. मुळाला इतकं घट्ट धरून ठेवलंय की वाक्यं कधीकधी अवघडतात. पण ज्यांच्यासाठी केलं त्या वाचकांची यादी रमाबाईंच्या डोळ्यांपुढे पक्की होती, आणि त्या यादीत समीक्षक नव्हते.

आता मनोरमाबाईंबद्दल. सिल्चरहून कडेवर आलेली ही पोर आईबरोबर इंग्लंड, अमेरिका, सगळीकडे वाढली. शिकली, शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली, १९१२ मध्ये गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा उभी केली. रमाबाई थकत चालल्या होत्या. कान जवळजवळ गेलेले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं, ते स्वीकारायला जाण्याइतकी तब्येत राहिली नव्हती. पण काळजी नव्हती, मनोरमा होती. मुक्ती पुढे तीच चालवणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आईने तर नक्कीच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. वय ४०.

आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. आयुष्यभर देवाच्या शब्दावर विसंबलेल्या बाईला हे का व्हावं, असं कुणीही विचारेल. रमाबाईंनी त्याचं काही स्पष्टीकरण देत बसल्या नाहीत. मुक्तीची पुढची सोय लावायला घेतली आणि भाषांतराच्या कागदांवर परत बसल्या. जुन्या कराराची शेवटची मुद्रितं तपासायची राहिली होती.

मुक्तीच्या आठवणींत एक गोष्ट सांगितली जाते. तब्येत फारच ढासळली तेव्हा रमाबाईंनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, मुद्रितं पुरी करण्यापुरते. पंधराचा वर्ग मागणारी बाई शेवटी दहा दिवसांवर आली होती. मुद्रितं तपासून झाली. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या. चौसष्ट पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी होते.

संपूर्ण बायबल त्यांनी छापलेलं पाहिलं नाही. छापखान्यातल्या बायका मात्र थांबल्या नव्हत्या. पानामागून पान खिळे जुळवायचे, छापायचं, सोडवायचे, पुन्हा जुळवायचे. केडगावला येईपर्यंत त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती. १९२४ मध्ये त्यांनी शेवटचं पान छापलं.